सहा गुंठ्यांतला पांढरा मका

तिनं मुळासकट उपटलेलं मक्याचं झाड माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्याच्या शेजारी आमच्याच प्रयोगशाळेचा छापील कागद उलगडला.

"हा कागद कोनी लिहिला?"

सही तुंगार साहेबांची होती, पण अक्षर माझं होतं. मी तसं सांगितलं.

"मंग तुमीच वाचून दाखवा."

मी वाचलं. नत्र मध्यम. स्फुरद भरपूर. पालाश भरपूर. जमीन सुपीक असून योग्य मशागत केल्यास चाऱ्याचे उत्तम उत्पन्न मिळेल.

"योग्य मशागत," ती म्हणाली. "आमच्या भाऊजींनी हे पारावर बसून चार वेळा वाचलं. सगळ्या गावानं ऐकलं."

ही गोष्ट पन्नास वर्षांपूर्वीची. मी तेव्हा पंचविशीत होते. रसायनशास्त्राची पदवी घेऊन नाशिकच्या उत्तरेकडच्या एका तालुक्याच्या गावी माती तपासायच्या नोकरीला लागले होते. प्रयोगशाळा म्हणजे दोन खोल्या, एक तराजू, काचेची भांडी आणि भिंतीशी रचलेल्या मातीच्या पिशव्या. शेतकरी माती आणून द्यायचे, आम्ही ठरलेल्या चार-पाच गोष्टी तपासायचो आणि कागद द्यायचो. कागदाच्या शेवटी शिफारशीसाठी एक ओळ मोकळी असायची. काही सुचलं नाही तर तिथं काहीतरी चांगलं लिहायचं, असा रिवाज होता. ती ओळ मी लिहायची. 'योग्य मशागत' हे शब्द त्या हंगामात मी शंभरेक कागदांवर लिहिले असतील.

त्या बाईचं नाव द्वारका गांगुर्डे. निंबारे गावची, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. नवरा दोन वर्षांपूर्वी विहिरीतला गाळ काढताना दरड अंगावर येऊन गेला होता. सासऱ्यांनी तिला दोन गाई आणि चाऱ्यासाठी खालच्या अंगाची सहा गुंठ्यांची पट्टी दिली होती. तोंडी. चारा पिकव, दूध घाल, लेकीला शिकव, एवढंच म्हणाले होते. तिनं दोनदा मका पेरला. दोन्ही वेळा तो गुडघ्याएवढा होऊन पांढरा पडला.

"भाऊजी म्हनतात, वहिनीच्या हाताला जमत नाय. आखाजीला पट्टी परत घेतो, गाई मी सांभाळतो, तिनं लेकीला घेऊन भावाकडं जावं. मामा, म्हंजे सासरे, आजवर काही बोलत नव्हते. हा कागद ऐकल्यापासून तेबी म्हनायला लागले, रान चांगलं हाय, सरकारच सांगतंय. मंग चूक कोनाची?"

आमच्या भागात शेतीचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बदलतं. सालगडी बदलतात, वाटे बदलतात. त्या वर्षीच्या आखाजीला तेव्हा पाच आठवडे उरले होते.

तुंगार साहेब आतून आले. त्यांनी झाड हातात न घेताच पाहिलं.

"खत कमी पडलंय. युरिया द्या."

"अख्खी गोनी दिली."

"सुपर फॉस्फेट?"

"तेबी दिलं. दिल्यावर अजून पांढरा झाला."

"मग पाणी जास्त होत असेल."

"कमी केलं. मंग वाळायला लागला."

साहेबांनी खिशातून सुपारी काढली. "बाई, आम्ही मातीचे डॉक्टर. पिकाचे नाही," असं म्हणून ते आत गेले.

द्वारकाबाई कागदाची घडी करायला लागली. मी म्हटलं, "झाड इथंच राहू द्या. मी रविवारी येते."

"काय करनार येऊन?"

खरं तर मलाही ते माहीत नव्हतं. "बघते तरी," म्हणाले.

दुपारभर मी ते झाड घेऊन बसले. खालची पानं बऱ्यापैकी होती. वरची कोवळी पानं मात्र शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळट, असे लांब पट्टे पट्टे. सगळ्यात वरचं पान जवळजवळ कागदासारखं. कॉलेजच्या पुस्तकात असलं चित्र पाहिल्यासारखं वाटत होतं. घरी जाऊन पुस्तक शोधलं. चित्राखाली लिहिलं होतं, पिकाला लोखंड न मिळाल्याची खूण. मला ते पटेना. त्या गावची माती मी स्वतः चाळली होती. लाल माती होती. मातीला लाल रंग देतं ते लोखंडच.

रविवारी सकाळच्या एसटीनं मी निंबाऱ्याला उतरले. जाताना हिराकशीची पुडी घेतली होती. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार, रंगारी वापरतात तो. आणि एक बारीक कुंचला.

पट्टी लांबूनच ओळखू आली. वरच्या अंगाला धाकट्या दिराचं, निवृत्तीचं कडवळ, म्हणजे चाऱ्याची ज्वारी, कमरेइतकं उभं होतं. त्याच्या खाली एकदम फिकट चौकोन, दोरी लावून आखल्यासारखा.

द्वारकाबाईनं खुरप्यानं एक झाड खणून दिलं. मी मुळं पाहिली. मक्याची मुळं दाट, पांढरी, केसांसारखी सुटलेली असतात. ही आखूड होती, जाड, तपकिरी. झिजलेल्या खराट्यासारखी.

"हे आसंच आसतंय सगळं," ती म्हणाली. "मी म्हनलं, हुमणीची अळी मुळं खाती. पन हुमणी एक सापडली नाय."

मी कपभर पाण्यात चिमूटभर हिराकस विरघळवली, कुंचला बुडवला आणि बांधाकडच्या एका झाडाच्या पांढऱ्या पानावर तीन आडव्या रेघा ओढल्या.

"पानाला पाजायचं?" द्वारकाबाई म्हणाली. "तोंड सोडून नाकातून घास भरवल्यागत."

"तोंड बंद असेल तर काय करणार?"

ती हसली. मग तिनं कुंचला माझ्या हातातून घेतला आणि बांधाकडच्या चार झाडांना तशाच रेघा ओढल्या, माझ्यापेक्षा सरळ.

"आठ दिवस रोज बघा," मी म्हटलं. "ज्या जागी रेघ, त्या जागी हिरवं झालं, तर माझा अंदाज बरोबर. पण अजून कुणाला सांगू नका. नाही झालं तर उगीच बोलणी खाल."

तेवढ्यात तिचे सासरे काठी टेकत आले. पुंजाआण्णा. सत्तरीचे, ताठ, डोक्याला स्वच्छ फेटा. पट्टीच्या वरच्या कोपऱ्यात दगडी चौथरा होता, त्यावर फुटका हौद. आण्णा त्या चौथऱ्यावर बसले.

"सरकारी बाई का तुमी?"

"हो आण्णा."

"रान चांगलं हाय ना?"

मी उत्तर टाळलं. "आधी इथं काय होतं?"

म्हातारा खुलला. "बाग. द्राक्षाची. हे खालचं आन् वरचं, सगळं मिळून दीड एकर. ह्या बाजूला पहिली बाग माझी. लोक बघायला यायचे. वीस वर्षं ठेवली, मंग वेल म्हातारे झाले, काढून टाकले."

"फवारणी कशाची करायचात?"

"बोर्डोची. मोरचूद आन् चुना. मी सवता कालवायचो, गड्याच्या हाती कधी दिलं नाय. एका पिपात मोरचूद विरघळायचं, दुसऱ्यात चुना, दोन्ही एकदम ह्या हौदात सोडायचं. मंग घासलेला विळा बुडवायचा. विळा पांढरा निघाला तर औषध जमलं. लाल चढला तर चुना कमी, आजून टाकायचा. माझ्या हातचं औषध कधी फसलं नाय."

"आणि संध्याकाळी उरलेलं?"

"बोर्डो शिळं चालत नाय, बाई. दुसऱ्या दिवशी मारलं तर फुकट जातं."

"मग टाकून द्यायचं?"

"टाकून?" त्यांना माझ्या अडाणीपणाचं वाईट वाटलं. "औषध कोन टाकून देतं? हौदाला पाट काढला व्हता. उरलेलं, पिपं धुतलेलं, समदं खाली सोडायचं. मी म्हनलं, पानाला औषध चालतं तर जमिनीला का नको? वीस वर्षं ह्या तुकड्यात कीड शिवली नाय. गांडूळसुद्धा नाय दिसायचं, इतकं निर्मळ रान."

हे त्यांनी इतक्या अभिमानानं सांगितलं, की मी मान डोलावली आणि खुरपं खाली ठेवलं. मग पट्टीतली माती घेतली, निवृत्तीच्या रानातली घेतली, दोन वेगळ्या पिशव्यांत बांधली आणि निघाले. द्वारकाबाई एसटीपर्यंत आली. तिनं काही विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. खात्री नसताना एकदा लिहून बसले होते. पुन्हा तसं बोलायचं नव्हतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही माती आम्लात उकळून गाळल्या. आमच्याकडे धातू मोजायचं यंत्र नव्हतं. पण कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात ती परीक्षा मला येत होती. गाळलेल्या पाण्यात अमोनिया घातला. दोन्ही नळ्यांत तपकिरी साका धरला. ते लोखंड. साका तळाला बसल्यावर निवृत्तीच्या रानाच्या नळीत वर साधं पाणी उरलं. द्वारकाबाईच्या पट्टीच्या नळीतलं पाणी निळं होतं. फिकट नव्हे, गडद निळं.

मोरचूद म्हणजे तांबं. वीस वर्षांचं तांबं त्या सहा गुंठ्यांत मुरून राहिलं होतं. द्राक्षाची मुळं खोल गेलेली, त्यांचं निभावलं. मका वरच्या वितीभर मातीत जगतो. तिथं तांब्यानं मुळं जाळली होती, आणि जी उरली होती त्यांना लोखंड घेऊ देत नव्हतं. सुपर घालून बिचारीनं त्यात आणखी भर घातली होती, कारण जास्तीच्या स्फुरदानंही लोखंड अडतं. आम्ही तपासलेलं सगळं भरपूर होतं. कागदातला एक आकडाही खोटा नव्हता.

मी नळी साहेबांना दाखवली.

"आपल्याला विचारलं ते आपण तपासलं," ते म्हणाले. "तांबं कुणी विचारलं होतं?"

"शेवटची ओळही कुणी विचारली नव्हती, साहेब. ती मी लिहिली."

त्यांनी नळी उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. "दुसरा कागद कर, मी सही देतो. मात्र पहिला चुकला होता असं त्यात लिहू नकोस."

पण दुसऱ्या कागदानं काय होणार? पारावर पहिला वाचून झाला होता. एकाच कचेरीचे दोन कागद, एक म्हणतो चांगली, एक म्हणतो वाईट. निवृत्ती म्हणाला असता, बाईनं जाऊन लिहून आणला. मी आठवडाभर विचार केला आणि मग दोन बाटल्यांत त्या दोन मातींचं गाळलेलं पाणी भरून घेतलं.

पुढच्या रविवारी लग्नासाठी मुलगा बघायचा म्हणून वडिलांनी घरी बोलावलं होतं. मी गेले नाही. त्यावरून घरी पुढं बरंच झालं, ते इथं नको. मी निंबाऱ्याला गेले.

उतरल्याबरोबर आधी बांधाकडे पळाले. रंगवलेली पाच झाडं तिथं नव्हती. जमिनीलगत पाच खुंट होते, बस.

"झाडं कुठं गेली?"

"गाय सुटली व्हती," द्वारकाबाई म्हणाली. "खाल्ली तिनं."

"पाचच? आणि नेमकी तीच?"

"जनावराला काय कळतंय, ताई."

ती माझ्याकडे बघत नव्हती. मला रडू यायचं बाकी होतं. रेघा हिरव्या झाल्या होत्या का, विचारलं. तर म्हणे, "काय की. नीट बघितलं नाय." मला तिचा रागच आला. इतकी सरळ रेघ ओढणारी बाई, आणि आठ दिवस बघितलं नाही म्हणते.

पण मी पाठवलेल्या निरोपाप्रमाणे आण्णा आणि निवृत्ती चौथऱ्यावर येऊन बसले होते. आता परत फिरता येत नव्हतं. निवृत्ती तिशीचा, गोरटेला, बोलायला चलाख. हातात तो पहिला कागद होताच.

"बोला बाई. आता काय नवीन?"

मी आण्णांना म्हटलं, "तुमचा विळा आहे का घरी? घासून आणायला सांगा."

द्वारकाबाईनं विळा आणला, राखेनं घासलेला. मी पहिली बाटली वाटीत रिकामी केली. "हे निवृत्तीभाऊंच्या रानातलं आहे. माती आम्लात उकळून काढलेलं. आण्णा, तुमच्या हातानं विळा बुडवा. औषधात बुडवायचात तसा."

आण्णांनी बुडवला. त्यांनी विळा वर काढला, उन्हात धरला. पातं पांढरं होतं.

"आता हे. द्वारकाबाईंच्या पट्टीतलं."

दुसऱ्यांदा त्यांनी विळा जरा जास्त वेळ धरला. वर काढला तेव्हा टोकापासून दोन बोटं पातं लाल झालं होतं. नव्या भांड्यासारखं लाल.

निवृत्ती पुढं वाकला. "त्या आम्लानं झालं आसंल."

"आम्ल दोन्हीत सारखंच आहे, भाऊ. तुमच्या मातीत नाही झालं."

"कायतरी हातचलाखी—"

"गप रे," आण्णा म्हणाले.

त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. अंगठा उलटा करून पाहिला. वीस वर्षं हजारदा पाहिलेली ती खूण त्यांना मी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांची नजर हौदावरून पाटाच्या जागेवर गेली, तिथून मक्यावर.

"म्हंजे हे माझं हाय," ते म्हणाले.

मी सांगायला लागले, की जमिनीत लोखंड पुष्कळ आहे, खतही आहे, पण तांबं मुळाच्या तोंडाशी अडून बसतं. दारात एकच दांडगा उभा राहिला की कोठार भरलेलं असून आतली पोरं उपाशी राहतात, तसं.

"आपल्याच घरावानी की," द्वारकाबाई पदर सारखा करत म्हणाली.

निवृत्तीनं तिच्याकडे रागानं पाहिलं. आण्णांना मात्र हसू फुटलं, पण ते लगेच मावळलं. "दोन वर्षं पोरीला बोल लावला. गावात लावला."

निवृत्तीनं कागदाची घडी खिशात घातली. "मंग बाई, सरळ सांगा. हे रान सुधारतं का?"

द्वारकाबाईनं त्या दिवशी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. तिला काय हवं होतं ते मला कळलं नाही. मी माहीत होतं तेवढं सांगितलं.

"शेणखत भरपूर घालावं लागेल. ते तांब्याला धरून ठेवतं. चुनाही लागेल, बेतानं. दोन वर्षं लागतील, तीन लागतील, जास्तही लागतील. खात्री मी देत नाही. आणि इथला चारा मेंढ्यांना घालू नका. गाईला चालेल, मेंढीला तांबं सोसत नाही."

"म्हंजे मेंढरं बसवायची बी सोय नाय," निवृत्ती म्हणाला. "गेलं रान कामातून."

आण्णा उठले. "द्वारके, आखाजीपासनं वरची पट्टी तू घे. कडवळाची. ही राहू दे पडीक."

"आबा, वरची माझी हाय. मला कांदा लावायचाय तिथं."

"तुझी कोनी केली? माझ्या नावावर हाय अजून."

"दोन वर्षं राबलोय मी तिथं—"

आता भांडण पेटणार, असं मला वाटलं. पण द्वारकाबाई मध्ये बोलली, अगदी हळू. "मामा, वरची भाऊजींचीच राहू द्या. मला हीच द्या."

दोघंही तिच्याकडे वळले.

"पन तोंडी नको. माझ्या नावावर द्या. आन् तीन वर्षं घरच्या समद्या गोठ्याचं शेण हितं पडंल, येवढं कबूल करा."

निवृत्ती हसला. मनापासून हसला. "नावावर? हे? घे की वहिनी, घे. शेण बी घे. नासक्या रानाला शेणाचा वाटा."

"पोरी," आण्णा म्हणाले, "नासलेलं हाय गं ते. मी नासवलंय."

"म्हनूनच मागते. चांगलं मागितलं आसतं तर घरात भांडन झालं आसतं."

आण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यशोदेची वही आन."

यशोदा म्हणजे तिची मुलगी, दुसरीत होती. तिच्या वहीतलं कोरं पान फाडलं. अक्षर निवृत्तीचं चांगलं, म्हणून लिहिलं त्यानंच. पट्टीच्या चारी बाजू लिहिल्या, शेणाचं लिहिलं, सोमवारी तलाठ्याकडे जायचं लिहिलं. शेवटी 'माझी हरकत नाही' असं लिहून त्यानं सही केली. सही करतानाही तो गालात हसतच होता. आण्णांनी सही केली. मी साक्षीदार म्हणून केली. नोकरीत लागल्यापासून मी असंख्य कागद लिहिले, पण खाली नाव घातलेला तो माझा पहिला.

द्वारकाबाई मला एसटीपर्यंत सोडायला आली. मी मनातून खट्टू होते. एवढं करून तिच्या पदरात पडलं काय, तर ज्या रानाची मी खात्री देऊ शकले नाही ते. अर्ध्या वाटेवर मी म्हटलंच.

"आण्णा वरची पट्टी देत होते. घ्यायची होती तुम्ही."

"ती किती दिवस राहिली आसती? आज मामांना वाईट वाटतंय, उद्या वाटायचं नाय. पहिलं पीक चांगलं आलं की भाऊजी म्हनले आसते, आता दे."

"पण हे रान—"

तिनं मागं वळून पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. चोळीत हात घालून तिनं एक घडी केलेलं पान काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

मक्याचं पान होतं, सुकत आलेलं. पांढुरक्या पानावर तीन आडव्या रेघा. हिरव्यागार. कुंचला जिथं टेकवला तिथं जाड, जिथं उचलला तिथं बारीक.

"चवथ्या दिवशी दिसायला लागलं. आठव्या दिवशी तर आंधळ्याला बी दिसलं आसतं. मंग मी आज पहाटे पाची झाडं कापली आन् गाईपुढं टाकली."

मी रस्त्यातच थांबले. "अहो, मग दाखवायचं नाही का? तीच तर आपली साक्ष होती. रान मेलेलं नाही, याची."

"तेच तर, ताई. भाऊजींनी हे बघितलं आसतं तर त्यांच्यासाठी रान चांगलं झालं आसतं. आन् चांगलं रान माझ्या नावावर कोन केलं आसतं?"

एसटी आली. मी पान परत द्यायला लागले तर म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडं. माझ्याकडं आता रानच हाय."

त्यानंतर मी शिफारशीची ती ओळ पीक पाहिल्याशिवाय लिहिली नाही. त्यामुळे पुष्कळ कागदांवर ती कोरीच राहायची, आणि साहेब कुरकुरायचे. लग्नही त्याच वर्षी दुसरीकडे ठरलं आणि दोन वर्षांनी माझी बदली झाली.

बदलीआधी मी अधूनमधून निंबाऱ्याला जायचे. पहिल्या वर्षी फारसा फरक नव्हता. हिराकस फवारून तिनं गाईंपुरता चारा कसाबसा काढला. रोज सकाळी आण्णा स्वतः टोपली घेऊन शेण टाकायला यायचे, सुनेशी फारसं न बोलता. त्यांनी हौद फोडला, चौथऱ्याचे दगडही काढले. दुसऱ्या वर्षी बांधाकडची एक-दीड गुंठ्याची कड हिरवी राहिली. एकदा द्वारकाबाईनं मला मूठभर माती उलटून दाखवली. तिच्यात एक गांडूळ होतं. आण्णांना बोलावून तिनं त्यांनाही दाखवलं. ते बराच वेळ वाकून पाहत होते.

चौथ्या वर्षी, बदलीच्या गावाहून दिवाळीला घरी आले असताना, मी वाट वाकडी करून पुन्हा गेले. कडेवर माझा मुलगा होता. आण्णा आदल्या वर्षी वारले होते. घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, रानात असेल.

मी पाटाच्या बाजूनं चालत गेले. त्या जागी मक्याची भिंत उभी होती. माझ्या डोक्याच्या वर हातभर, काळपट हिरवी, दाट. पात्याला पातं घासल्याचा आवाज येत होता आणि आत कुठंतरी विळ्यानं कापल्याची खसखस. माणूस दिसत नव्हतं.

"द्वारकाबाई," मी हाक मारली, "कुठं आहात?"

खसखस थांबली.

"हितंच हाय, ताई," आतून आवाज आला. "जानार कुठं?"